बोट पाण्यात नाही, ट्रॉलीवर मोडते

वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही, आणि मोठी नदी म्हणावी तर एक पैनगंगा. तरीही बोट ही वस्तू आपल्याकडे आता नवलाईची राहिलेली नाही. एकबुर्जी, अडाण व सोनल हे मध्यम प्रकल्प, पैनगंगेवरचे बॅरेज आणि गावोगावचे लघुसिंचन तलाव यांत कटला, रोहू, मृगळ सोडून मासेमारी चालते. तलाव ठेक्याने घेणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्थांपैकी काहींनी जुन्या डोंग्याच्या जागी फायबरची बोट आणली आहे. दुसरीकडे पुराच्या वेळी माणसे काढण्यासाठी ठेवलेल्या बोटी आहेत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आले, आणि बोट, लाइफ जॅकेट, दोर हे साहित्य महसूल खात्याच्या नोंदवहीत आले.

या दोन्ही प्रकारच्या बोटींची एक गोष्ट सारखी आहे. त्या पाण्यात कमी आणि जमिनीवर जास्त असतात. मच्छीमाराची बोट उन्हाळ्यात तलाव आटला की काठावर येते. पुराची बोट तर वर्षातले अकरा महिने कुठल्या तरी आवारात, शेडखाली किंवा लिंबाच्या झाडाखाली उभी असते, आणि एखाद्या दिवशी तिला ट्रॅक्टरमागे बांधून चाळीस-पन्नास किलोमीटर पळवले जाते. म्हणून आपल्याकडच्या बोटीचे आयुष्य ती पाण्यात कशी चालवली यावर कमी, आणि जमिनीवर कशावर टेकवून ठेवली यावर जास्त ठरते. दुर्लक्ष नेमके इथेच होते. इंजिन सुरू होते का ते पाहतात, जॅकेट मोजतात, पण बोटीखाली काय आहे हे वाकून कोणी पाहत नाही. ‘ट्रॉलीत टाकू अन् नेऊ, काई होत नाही’ हे आपले ठरलेले उत्तर.

होते मात्र बरेच काही, आणि ते लगेच दिसत नाही हीच अडचण आहे.

जुन्या डोंग्याची सवय

डोंगा म्हणजे जाड लाकडाचा मामला. तो दगडावर टेकवा, बांधावर आडवा टाका, बैलगाडीवर दोरीने आवळा, त्याला फरक पडत नाही. लाकडाची जाडीच इतकी की वजन कुठेही आले तरी ते सोसते. फायबरची बोट तशी नाही. काचेच्या धाग्याचे कापड आणि राळ यांचे थर एकावर एक चढवून केलेले ते कवच असते, बहुतेक ठिकाणी बोटाच्या जाडीपेक्षाही कमी. त्याला ताकद येते ती आकारामुळे आणि आत लांबीने टाकलेल्या दांड्यांमुळे. मधला मोकळा भाग अंगठ्याने नाही, पण गुडघ्याने दाबला तर लवतो. डोंग्याची सवय झालेला माणूस फायबर बोटीला डोंग्यासारखीच वागवतो आणि दोन-तीन हंगामांत ती गळायला लागते. मग दोष जातो बोट बनवणाऱ्याकडे.

थोडा हिशेब करून पाहू. सोळा फुटी बोट, इंजिन, तेलाची टाकी, दोर असे मिळून ४०० किलो धरा. पाण्यात असताना तिच्या तळाचा अंदाजे ६ चौरस मीटर भाग पाण्याला टेकतो. म्हणजे चौरस मीटरला ६५-७० किलो वजन. पाणी सगळीकडून सारखे उचलते, कुठेही टोचत नाही.

आता तीच बोट दोन आडव्या लोखंडी अँगलवर ठेवा. बोटीचा तळ गोलसर किंवा निमुळता, अँगल सरळ. त्यामुळे प्रत्येक अँगलवर डाव्या-उजव्या बाजूला वीतभर जागाच टेकणार. चार ठिकाणी मिळून ४०० चौरस सेंटिमीटर. चौरस सेंटिमीटरला १ किलो, म्हणजे चौरस मीटरच्या भाषेत १० हजार किलो. पाण्यातल्यापेक्षा दीडशे पट. वर पांदण रस्त्याचे खड्डे. ट्रॅक्टरच्या बऱ्याच ट्रॉल्यांना पाटेच नसतात, चाक आपटले की तो मार जसाच्या तसा बोटीच्या चार ठिपक्यांवर बसतो.

बाजेवर सुतळी विणलेली असली की झोप लागते. सुतळी काढून नुसत्या दोन आडव्या दांडक्यांवर रात्र काढा म्हटले तर सकाळी कंबर धरून उठाल. बोटीचे तेच होते, फक्त ती बोलत नाही.

तिसरी रीत म्हणजे लांबीने बसवलेल्या आधाराच्या फळ्या. इंग्रजीत त्यांना बंक म्हणतात, आणि बोटवाहू ट्रेलरवर त्या कारखान्यातूनच लावून येतात. ३ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद अशा दोन फळ्या पूर्ण टेकल्या तर ६ हजार चौरस सेंटिमीटर जागा मिळते. भार पाण्यातल्यापेक्षा दहा पट, पण अँगलच्या मानाने पंधरावा हिस्सा. पूर्ण टेकल्या तर, हे शब्द महत्त्वाचे. ट्रेलर नवा असो, फळ्या नव्या असोत, त्या त्या बोटीला जुळवून घेतलेल्या नसतील तर उपयोग नाही. ट्रेलर एका ठिकाणी तयार होतो, बोट दुसऱ्या ठिकाणी, आणि दोघांची गाठ पडते ती आपल्या आवारात.

कोकणात काय करतात

समुद्रावरचे लोक हे फार आधीपासून जाणतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित नौकांना मासेमारी बंद असते. त्या काळात नौका किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. तेव्हा वजन येते ते बोटीच्या कण्यावर, म्हणजे तळाच्या मधोमध नाकापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या मुख्य लाकडावर. त्याखाली ओंडके देतात. दोन्ही अंगांना तिरपे टेकू लावतात, ते बोट कलंडू नये एवढ्यापुरते. कणा वजन घेतो आणि बाजू तोल सांभाळतात, हा तिथला नियम.

फायबरच्या छोट्या बोटीलाही तो लागू पडतो. तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा असेल तर मधल्या कण्याखाली रबरी रूळ किंवा लाकडी ठोकळे द्यायचे आणि दोन्ही बाजूंनी लांब फळ्या लावायच्या. तळ सपाट असेल, जशी तलावातल्या मासेमारीची बोट पुष्कळदा असते, तर कणा नावालाच असतो. तिथे दोनऐवजी तीन-चार रुंद फळ्या देऊन भार वाटावा लागतो. बोट पाहून ठरवायचे. एकाच मापाचा सांगाडा वेल्डिंग करून सगळ्या बोटींना चालवणे म्हणजे एका मापाची चप्पल सगळ्या गावाला देणे.

शेपटीकडचा भाग

सगळ्यात जास्त नुकसान होते ते मागच्या टोकाला. बोटीच्या मागे जी उभी आडवी फळी असते, जिच्यावर इंजिन अडकवतात, तिथे वजन एकवटलेले असते. २५ ते ४० अश्वशक्तीचे इंजिन ५० पासून १०० किलोपर्यंत भरते. ते बोटीच्या बाहेर लोंबत असते, त्यामुळे खड्ड्यागणिक मागची फळी खाली खेचली जाते. आधाराच्या फळ्या तिच्यापर्यंत पोचल्याच पाहिजेत. अगदी बरोबर तिच्याखाली संपाव्यात किंवा दोन-चार बोटे बाहेर निघाव्यात. वीतभर आत संपल्या तरी चालणार नाही.

संपल्या तर काय होते? फळीच्या टोकावर बोटीचा तळ टेकतो, त्याच्या मागचा भाग इंजिनाच्या वजनाने खाली वाकतो. महिन्यामागून महिने असे उभे राहिले की, विशेषतः आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात, फायबर त्याच आकाराला धरते. तळाला मागच्या बाजूस आतून पोकळ असा बाक येतो. नुसत्या डोळ्याला तो दिसत नाही. तळाला सरळ रूळ लावला तर मध्ये फट दिसते. अशी बोट पाण्यात घातली की वेग घेताना नाक खाली दाबते, इंजिन ओरडते पण बोट पळत नाही. चालवणारा म्हणतो इंजिनात दम नाही, मिस्तरी कार्ब्युरेटर खोलतो, आणि दोष असतो ट्रेलरच्या वीतभर आखूड फळीत.

पुराच्या पाण्यात नाक दाबणारी बोट म्हणजे काय, ते सांगायला नको. यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातील आनंदनगर येथे २२ जुलै २०२३ रोजी लोक पुरात अडकले आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवण्याची वेळ आली. पैनगंगेचे ते खोरे आणि आपले रिसोड-वाशीमचे खोरे एकाच नदीचे आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपूरला किंवा धुळ्याला असते. समृद्धी महामार्गाने नागपूर जवळ आले हे खरे, तरी काही तास जातातच. त्या तासांत हाताशी असते ती जिल्ह्यातली बोट. तिच्या तळाला चीर आहे हे पाण्यात गेल्यावर कळले तर उशीर झालेला असतो.

फळ्या जुळवण्याची रीत

हे काम अवघड नाही. ज्या गावात ट्रॅक्टरचे वर्कशॉप आणि एक सुतार आहे तिथे दिवसभरात होते. हत्यारे नेहमीचीच आहेत: पाने, जॅक, चेन पुली, टेप, पाणसळ आणि गेरू.

ट्रेलर सपाट जमिनीवर उभा करून चाकांना दगड लावावेत. पुढचा हूक ट्रॅक्टरला लावल्यावर ज्या उंचीला असतो त्याच उंचीला टेकवावा, आणि पाणसळ लावून डावे-उजवे सारखे करावे. इथे कंटाळा केला तर पुढचे सगळे माप चुकते. बोट रिकामी करावी, तळाची बूच काढून आतले पाणी जाऊ द्यावे. मग रुंद पट्टे तळाखालून घेऊन चेन पुलीने ती उचलावी. बारीक दोर किंवा साखळी वापरू नये, ती कडा खाते. पुली नसेल तर आठ-दहा माणसे आणि जुन्या टायरांची थप्पी यांवरही भागते; माणसांनी मात्र बोटीखाली शिरायचे नाही.

आता तळाला लाकडी हातोडीने किंवा मुठीने हळू ठोकत जावे. आतली दांडी जिथे असेल तिथे ठस आवाज येतो, मधल्या जागी पोकळ. दांडीची जागा खडूने आखावी. मध्यापासून डावी दांडी किती आणि उजवी किती हे मोजून तेवढ्याच अंतरावर ट्रेलरवर खूण करावी. आधाराची फळी या दांडीखाली आली पाहिजे. काही बोटींच्या तळाला बाहेरून लांब उभारलेल्या कडा असतात, पाणी बाजूला सारण्यासाठी. फळी त्या कडेवर येऊ देऊ नये, नाहीतर सगळे वजन त्या बोटभर कडेवर पडते.

आधी मधला आधार बसवायचा, रूळ असो की ठोकळा. बोट हळू त्यावर उतरवावी. ती बरोबर मध्यावर आहे का ते मागून उभे राहून पाहावे. त्यानंतर बाजूच्या फळ्या खालून वर आणाव्यात. फळ्यांचे खूर यू-बोल्टने ट्रेलरच्या चॅनेलला आवळलेले असतात. ते सैल करायचे, फळी तळाला टेकेपर्यंत वर सरकवायची आणि मग आवळायचे. उलट करू नये. फळ्या आधी उंच आवळून बोट वरून टाकली तर कणा अधांतरी राहतो आणि बाजूंवर सगळा भार येतो.

फळी खुराला एकाच बोल्टने जोडलेली असावी म्हणजे ती बोटीच्या उताराप्रमाणे स्वतःच कलते. वेल्डिंगने पक्की केलेली फळी दिसायला मजबूत, पण ती एका कडेवरच टेकते. आपल्या वर्कशॉपवाल्यांना जे हलते ते वेल्ड करून टाकायची सवय आहे. इथे त्यांना आवरावे.

टेकले की नाही हे डोळ्याने कळत नाही. त्यासाठी गेरू. सुतार दाराची चौकट बसवताना जसे करतो तसेच: फळ्यांच्या वरच्या अंगाला ओला गेरू फासावा, बोट उतरवावी, परत उचलावी. तळावर लाल पट्टा सलग उमटला तर काम बरोबर. ठिपके उमटले तर तिथेच टोचते आहे. मध्ये खंड पडला तर तिथे फळी खाली आहे. दोन-तीनदा असे केले की जुळते. गेरू नको असेल तर पोस्टकार्डासारखा जाड कागद फळी आणि तळ यांच्यामध्ये सरकवून पाहावा. जिथे सहज शिरतो तिथे पोकळी समजावी. शेवटी इंजिन, भरलेली टाकी, नांगर, सगळे जिथल्या तिथे ठेवून पुन्हा एकदा पाहावे, कारण रिकामी बोट आणि भरलेली बोट एकसारखी बसत नाहीत. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून बोल्ट पुन्हा आवळावेत.

लाकूड कोणते? साग आपल्याकडे मिळतो आणि तो पाण्याला टिकतो, तेव्हा दुसरे शोधायला जाऊ नये. फळीची टोके गोल तासावीत. वरून कृत्रिम धाग्याचा गालिचा ताणून लावावा, खिळे बाजूने मारावेत, वरून नाही. बोल्टची डोकी लाकडात आत बुडालेली असावीत. गोणपाट किंवा काथ्याची चटई लावू नये. ती पाणी धरते, आणि पाण्याबरोबर वाळूही धरते. मग फळी म्हणजे कानसच.

बोट ॲल्युमिनियमची असेल तर आणखी एक पथ्य आहे. मोरचूदासारखे तांब्याचे क्षार मुरवलेले लाकूड तिच्याखाली नको. संत्र्याला बोर्डो मिश्रण मारणारे शेतकरी मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवत नाहीत, ते का, हे त्यांना ठाऊक आहे. ॲल्युमिनियमलाही तांबे असेच खाते, बारीक भोके पडतात.

वजन पुढे की मागे

बैलगाडी भरणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला की धुरजड होऊन बैलांच्या मानेवर येते. बोटीच्या ट्रेलरचेही तसेच. एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के भार हुकावर यावा. ट्रेलर आणि बोट मिळून ६०० किलो असेल तर ४० ते ६० किलो. दोघा माणसांना हूक उचलता यावा, पण एका हाताने सहज वर गेला तर समजावे की बोट मागे आहे. अशी मागे जड झालेली बोट डांबरी रस्त्यावर जीपमागे पळवली की ट्रेलर शेपटासारखा झुलायला लागतो. हे दुरुस्त करताना बोट पुढे सरकवली तर मागची फळी आधाराच्या फळ्यांवर कुठे आली ते पुन्हा पाहावे लागते. एक जुळवताना दुसरे सुटते, म्हणून पुढचा थांबा आणि फळ्या दोन्ही एकदमच ठरवाव्यात.

बांधणी करताना पुढचा विंचचा पट्टा पुरेसा नाही. तो बोट ओढून घेण्यासाठी असतो. त्याच्याबरोबर एक साखळी आणि मागे दोन्ही कोपऱ्यांच्या कड्यांना दोन पट्टे हवेत. नायलॉनचा दोर ताणतो आणि ढिला पडतो, त्यापेक्षा रॅचेटचा पट्टा बरा. मात्र आवळताना बेताने. बोट हलू नये एवढेच. मधूनच आडवा पट्टा टाकून दोघांनी लोंबकळून आवळला तर काठ आत येतात आणि चिरा तिथून सुरू होतात.

ट्रेलर नसेल तेव्हा

प्रत्येक संस्थेकडे ट्रेलर असणार नाही, हे उघड आहे. शेतीच्या ट्रॉलीतूनच न्यायची असेल तर निदान दोन गोष्टी टाळाव्यात. एक, बोट फाळक्यावर टेकवू नये. दहा-अकरा फुटी ट्रॉलीत सोळा फुटी बोट बसत नाही, म्हणून मागचा फाळका उघडून तिचा एक भाग बाहेर काढतात आणि नेमकी फाळक्याची लोखंडी कड तळात घुसते. दुसरी, शेपटी बाहेर ठेवू नये. इंजिन उतरवून वेगळे ठेवावे, बोटीची शेपटी पुढे, ट्रॉलीच्या आत घ्यावी आणि नाक मागे बाहेर राहू द्यावे. नाक हलके असते आणि आकाराने मजबूतही. त्याला लाल फडके बांधायचे विसरू नये.

तळाखाली कुटाराची पोती टाकावीत. सोयाबीनच्या कुटाराने सैल भरलेले पोते बोटीच्या आकाराला धरून बसते, आणि लोखंडापेक्षा ते शंभर पटीने बरे. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबा अर्धवट हवा भरून टाकल्या तरी चालते. पण ही सोय रस्त्यापुरती आहे. पोचल्यावर पोती काढावीत. ओल्या कुटारावर पावसाळाभर बोट ठेवली तर खाली ओल राहते, वर उंदीर.

हवा भरायच्या रबरी बोटींचे गणित थोडे निराळे आहे. तिथे आधार द्यायचा तो मधल्या टणक तळाला. बाजूच्या फुगवलेल्या नळ्या फक्त टेकलेल्या असाव्यात, अँगलच्या कडेवर किंवा बोल्टच्या डोक्यावर नकोत. सकाळी टम्म भरलेली बोट दुपारच्या उन्हात उभी ठेवली तर आतली हवा तापून दाब वाढतो आणि शिवणी ताणतात. थोडी हवा सोडून सावलीत ठेवावी आणि पाण्यात घालताना पुन्हा भरावी.

उभ्या बोटीचे शत्रू

पाऊस हा पहिला. उघडी बोट आभाळाखाली राहिली, तळाची बूच लावलेली असली, की ती टाके होते. ६ चौरस मीटर तळात १० सेंटिमीटर पाणी साचले म्हणजे ६०० किलो. चारशे किलोच्या बोटीसाठी जुळवलेल्या फळ्यांवर एकदम हजार किलो. म्हणून उभी असताना बूच काढलेली, नाक थोडे वर, आणि वर ताडपत्री. काढलेली बूच दोरीने स्टिअरिंगला किंवा इंजिनाला बांधून ठेवावी. बूच न लावता पाण्यात घातलेल्या बोटींच्या गोष्टी सगळीकडे हसत सांगतात. पुरात ते हसण्यासारखे नसते.

दुसरा शत्रू ट्रेलरची चाके. एकाच जागी वर्षभर उभी राहिली की एखाद्याची हवा जाते, ट्रेलर एका अंगाला कलतो आणि बोटीचा भार एकाच फळीवर जातो. पाण्यात ट्रेलर उतरवताना हेही लक्षात असावे की लांबून आल्यावर चाकांचे हब गरम असतात. ते तसेच गार पाण्यात बुडवले तर आतली हवा आकसून सीलमधून पाणी शोषून घेते आणि बेअरिंग गंजते. पाच-दहा मिनिटे थांबावे. हंगामानंतर ग्रीस बदलावे.

चिरा कशा ओळखाव्यात? तळावर फळीच्या टोकाजवळ किंवा आडव्या अँगलच्या जागी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसल्या तर ती पहिली सूचना आहे. वरचा चकचकीत थर तडकला आहे, आतले कापड बहुधा शाबूत आहे. तेव्हाच फळी जुळवून, जागा पूर्ण वाळवून, कापड व राळेचा थर दिला तर थोडक्यात भागते. रेघेतून पाणी आत मुरत राहिले तर थर सुटतात. इंजिनाच्या फळीत पुष्कळदा आत प्लायवूड असते. ते कुजले तर काम मोठे. आणि फळी न जुळवता नुसते ठिगळ लावले तर पुढच्या वर्षी त्याच ठिगळाशेजारी नवी चीर मिळणार.

खरेदीच्या वेळी

मत्स्यव्यवसाय विभागाकडून जाळी व नौका खरेदीला अर्थसहाय्य देणाऱ्या योजना आहेत, शासकीय कार्यालयांची खरेदी वेगळी. दोन्हीकडे मागणीपत्रात एक ओळ वाढवावी: आधाराच्या फळ्या याच बोटीला जुळवून, मागच्या फळीपर्यंत पोचतील अशा, ताबा देताना दाखवून द्याव्यात. पुरवठादाराला हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि मागितल्याशिवाय कोणी करून देत नाही. बोटीचा तळाचा नकाशा, निदान दांड्या कुठे आहेत त्याची मापे, सोबत मागून घ्यावीत. दहा वर्षांनी फळ्या बदलताना ती कामाला येतात.

मान्सूनपूर्व बैठका मे महिन्यात होतात. त्या वेळी नोंदवहीत बोटीपुढे ‘सुस्थितीत’ असा शेरा पडतो. तो लिहिण्याआधी बोट एकदा खरोखर पाण्यात घालावी. मेमध्येही एकबुर्जीत किंवा अडाणात तेवढे पाणी सहसा असते. माणसे बसवून अर्धा तास ठेवावी आणि आत ओल येते का ते पाहावे. बाहेर काढल्यावर तळाखाली वाकून बॅटरी मारावी. तलाठी, म्हणजे २०२४ पासूनचे ग्राम महसूल अधिकारी (गावात अजून तलाठीच म्हणतात), पोलीस पाटील आणि ज्याचा ट्रॅक्टर ऐनवेळी जुंपला जाणार तो शेतकरी, हे तिघे तेव्हा तिथे असावेत. कारण रात्री-बेरात्री पावसात ट्रेलर जोडणारा तोच ट्रॅक्टरवाला असतो, आणि हूक कुठल्या उंचीला बसतो, पट्टे कुठल्या कड्यांना लागतात हे त्याने उजेडात एकदा केलेले असले पाहिजे. मृग ७-८ जूनला लागतो. त्याआधी एक दिवस काढावा.